शाळेत गोळीबार सुरू असताना पोलिसाने आत जायलाच हवे का?

टेक्सास राज्यातल्या उवाल्डे या छोट्या गावात २४ मे २०२२ रोजी सकाळी ११ वाजून ३३ मिनिटांनी अठरा वर्षांचा एक तरुण रायफल घेऊन रॉब एलिमेंटरी स्कूलमध्ये शिरला. त्यानंतर तीनेक मिनिटांत पोलीसही त्याच इमारतीत होते. त्याला गोळी घातली गेली ती मात्र १२ वाजून ५० मिनिटांनी. तोवर शाळेत आणि शाळेभोवती वेगवेगळ्या दलांचे मिळून ३७६ अधिकारी जमा झाले होते. त्यांच्याकडे रायफली होत्या, चिलखते होती, काही वेळाने ढालीही आल्या. दारापलीकडे चौथीतली मुले होती. त्यांतली एक मुलगी फोनवर कुजबुजत पोलिसांना बोलावत होती. त्या दिवशी १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या.

हे वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा: आत जाणे हे त्या पोलिसांचे कामच नव्हते का? अमेरिकेत या प्रश्नाला तीन वेगवेगळी उत्तरे मिळतात. पोलिसांचे प्रशिक्षण सांगते, होते. सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेचा लावलेला अर्थ सांगतो की तसा हक्क कोणा एका मुलाला किंवा त्याच्या आईबापांना मागता येत नाही. आणि फौजदारी न्यायालयांत असे दोन खटले ज्युरीसमोर चालले, त्या दोन्हींत आरोपी पोलीस निर्दोष सुटले. टेक्सास, न्यू जर्सी, कॅलिफोर्नियातल्या कितीतरी मराठी घरांतली मुले रोज याच शाळांत जातात. ही तीन उत्तरे एकमेकांपासून इतकी लांब कशी गेली, ते नीट समजून घेण्यासारखे आहे.

वेढा घाला आणि थांबा

१९९९ पर्यंत अमेरिकी पोलिसांना वेगळेच शिकवले जात होते. कोणी बंदूक घेऊन इमारतीत शिरला तर पहिल्यांदा पोहोचलेल्या पोलिसांनी इमारतीला वेढा घालायचा, लोकांना लांब ठेवायचे आणि स्वाट पथकाची वाट पाहायची. स्वाट म्हणजे जड हत्यारे आणि खास प्रशिक्षण असलेले पथक. त्याची कल्पना १९६०च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये पुढे आली आणि मग देशभर पसरली. ही पद्धत चुकीची होती असे म्हणता येणार नाही. बँक लुटायला आलेला आणि आत लोकांना ओलीस धरून बसलेला माणूस काहीतरी मागत असतो. त्याच्याशी बोलता येते, त्याला थकवता येते. तिथे जितका वेळ जाईल तितका तो पोलिसांच्या फायद्याचा असतो.

शाळेत गोळ्या झाडायला आलेला माणूस काही मागत नाही. तो मारायलाच आलेला असतो आणि बहुतेकदा स्वतःही मरायच्या तयारीने आलेला असतो. तिथे जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाची किंमत मुले मोजतात. हा फरक २० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडोमधल्या कोलंबाइन हायस्कूलने दाखवून दिला. शाळेवर नेमलेल्या सशस्त्र अधिकाऱ्याची सुरुवातीलाच बाहेरून हल्लेखोराशी चकमक झाली, पण गोळ्या लागल्या नाहीत. पाठोपाठ आलेल्या पोलिसांनी शिकवल्याप्रमाणे वेढा घातला. स्वाटची पहिली तुकडी आत शिरायला पाऊण तास गेला. त्यानंतरही एकेक खोली तपासत ती सावकाश पुढे सरकत राहिली. डेव्ह सँडर्स नावाचे शिक्षक मुलांना वाचवताना जखमी होऊन एका वर्गात पडले होते. आत एक माणूस रक्तस्रावाने मरतो आहे, असा फलक मुलांनी खिडकीत लावला. सँडर्स यांच्यापर्यंत पथक पोहोचायला तीन तासांहून अधिक वेळ लागला आणि ते वाचले नाहीत. त्या दिवशी १२ विद्यार्थी आणि एक शिक्षक गेले.

त्यानंतर प्रशिक्षण मुळापासून बदलले. टेक्सास स्टेट युनिव्हर्सिटीत २००२ मध्ये अलर्ट नावाचे केंद्र उभे राहिले आणि २०१३ मध्ये एफबीआयने त्याचाच अभ्यासक्रम देशासाठी प्रमाण मानला. त्याचे सूत्र साधे आहे: आधी मारणाऱ्याला थांबवा, मग मरणाऱ्यांना वाचवा. स्वाटची वाट पाहायची नाही. चौघे असाल तर चौघे जा, दोघे असाल तर दोघे, एकटे असाल तर एकटे. गोळ्यांचा आवाज येतो त्या दिशेने जायचे. वाटेत जखमी मूल पडलेले दिसले तरी हल्लेखोर थांबेपर्यंत त्याच्यासाठीही थांबायचे नाही. कारण तुम्ही एकाजवळ बसलात तर पुढच्या वर्गात आणखी पाच पडतील. कोणत्याही माणसाला हे करायला लावणे फार कठीण आहे, आणि म्हणूनच ते पुन्हा पुन्हा घोटून घ्यावे लागते.

तेव्हा उवाल्डेच्या पोलिसांना हे ठाऊक नव्हते असे म्हणायला जागा नाही. घटनेच्या दोनच महिने आधी तिथल्या शाळा-पोलिसांनी, म्हणजे शाळांसाठी असलेल्या वेगळ्या पोलीस दलाने, याच विषयावर प्रशिक्षण भरवले होते. टेक्सासच्या अधिकृत प्रशिक्षण साहित्यात तर स्पष्ट लिहिले होते की निष्पापांचा जीव स्वतःच्या सुरक्षिततेआधी ठेवायची ज्याची तयारी नाही, त्याने दुसरा व्यवसाय पाहावा.

मग अडले कुठे?

शिकवलेल्या दोन गोष्टींपैकी कोणती लागू करायची, इथे अडले. पहिले पोलीस वर्गाच्या दिशेने गेले तेव्हा दारातून गोळ्या आल्या, दोघांना त्या चाटून गेल्या आणि सगळे मागे हटले. शाळा-पोलिसांचे प्रमुख पीट अरेडोंडो यांनी ठरवले की हल्लेखोर आता खोलीत कोंडून बसला आहे. म्हणजे त्यांच्या हिशेबी तो ‘गोळीबार चालू असलेला हल्लेखोर’ राहिला नाही, तो ‘दार लावून बसलेला माणूस’ झाला. नुसते वर्णन बदलले आणि १९९९ पूर्वीचे सगळे नियम परत आले: वेढा घाला, आजूबाजूचे वर्ग रिकामे करा, बोलायचा प्रयत्न करा, किल्ल्या शोधा. किल्ल्या शोधण्यात फार वेळ गेला. आणि टेक्सास विधानसभेच्या समितीने जुलै २०२२ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, हल्लेखोर ज्या दारातून वर्गात शिरला ते बहुधा कुलूपबंद नव्हतेच. ते उघडून पाहिले गेले नाही.

१२ वाजून २१ मिनिटांनी वर्गातून पुन्हा चार गोळ्यांचा आवाज आला. कोणतीही शंका असती तरी ती तिथे मिटायला हवी होती. त्यानंतरही जवळजवळ अर्धा तास दार उघडले गेले नाही. अरेडोंडो यांच्याजवळ वायरलेस नव्हता. आत मुले जिवंत आहेत आणि फोन करत आहेत ही माहिती व्हरांड्यातल्या सगळ्यांपर्यंत पोहोचत नव्हती. सूत्रे कोणाच्या हाती आहेत हे कोणालाच नीट माहीत नव्हते आणि ती आपल्या हाती घ्यायला वरिष्ठांपैकी कोणी पुढे झाला नाही. शेवटी सीमा गस्त दलाच्या खास पथकाने आत शिरून हल्लेखोराला मारले. अमेरिकी न्याय खात्याने जानेवारी २०२४ मध्ये सविस्तर अहवाल दिला. त्या खात्याचे तेव्हाचे प्रमुख, म्हणजे ॲटर्नी जनरल, मेरिक गारलँड यांनी सांगितले की रूढ पद्धत पाळली असती तर काही जीव वाचले असते.

भीतीचाही विचार करायला हवा. अशा हल्ल्यांत अनेकदा एआर-१५ जातीची रायफल वापरली जाते. रोजच्या गस्तीवर पोलीस घालतात ते मऊ चिलखत तिच्या गोळीला अडवत नाही. कमरेला पिस्तूल असलेल्या माणसाला त्या दारातून आत जा म्हणणे म्हणजे कदाचित मरायला जा म्हणणे आहे. हे न मानता कर्तव्याची चर्चा करणे पोलिसांवर अन्यायाचे होईल. अशी रायफल अमेरिकेतल्या अनेक राज्यांत अठराव्या वर्षी दुकानात जाऊन विकत घेता येते, हा या सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे आणि त्याची जबाबदारी पोलिसांवर टाकता येत नाही. पण उवाल्डेत एकाच्या हातातल्या रायफलीसमोर पिस्तुलवाला एकटा पोलीस उभा नव्हता. तिथे शेकडो जण होते.

राज्यघटना काय सांगते

आता कायद्याकडे वळू. इथे सामान्य माणसाला धक्का बसतो.

अमेरिकी राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती म्हणते की योग्य कायदेशीर प्रक्रियेशिवाय कोणतेही राज्य कोणाचा जीव, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता हिरावून घेणार नाही. न्यायालयांनी याचा अर्थ असा लावला आहे: सरकारने तुम्हाला मारू नये, ही हमी आहे. दुसऱ्या कोणी तुम्हाला मारत असताना सरकारने येऊन वाचवावे, ही हमी यात नाही.

हा अर्थ पक्का झाला १९८९ च्या डेशेनी खटल्यात. विस्कॉन्सिनमध्ये एका लहान मुलाला वडील मारहाण करत होते. समाजकल्याण खात्याला ते कळले होते, त्याची कर्मचारी घरी येऊन नोंदी करून जात होती, पण मुलाला तिथून हलवले गेले नाही. चौथ्या वर्षी झालेल्या मारहाणीत त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मताने सांगितले की इजा वडिलांनी केली, सरकारने नव्हे, म्हणून घटनेचा भंग झाला नाही.

दुसरा खटला कॅसल रॉकचा, २००५ चा. कोलोरॅडोतल्या या गावात, कोलंबाइननंतर दोनच महिन्यांनी, एका आईने पोलिसांना रात्रभर पुन्हा पुन्हा विनवले. वेगळा राहणारा नवरा न्यायालयाचा मनाई हुकूम मोडून तीन मुलींना घेऊन गेला होता. पोलीस तिला थांबायला सांगत राहिले. पहाटे तो माणूस स्वतःच पोलीस ठाण्यावर येऊन गोळ्या झाडू लागला आणि मारला गेला. त्याच्या गाडीत तिन्ही मुलींचे मृतदेह सापडले. मनाई हुकूम मोडणाऱ्याला पोलिसांनी अटक केलीच पाहिजे, असे कोलोरॅडोच्या कायद्यात लिहिलेले होते. तरी सर्वोच्च न्यायालय सात विरुद्ध दोन मतांनी म्हणाले की पोलिसांना पूर्वापार असलेली निर्णयाची मोकळीक एवढ्या शब्दांनी संपत नाही, आणि अंमलबजावणी व्हावी असा घटनात्मक हक्क त्या आईला मिळत नाही.

याच्या जोडीला एक जुने तत्त्व आहे: पोलिसांचे कर्तव्य सगळ्या समाजाप्रती असते, कोणा एका व्यक्तीप्रती नसते. त्यामागचे कारण अगदीच पोकळ नाही. एका रात्री एका ठाण्यावर पन्नास फोन येतात आणि गाड्या चार असतात. प्रत्येक न झालेल्या मदतीवर दावा लागू लागला तर कोणती गाडी कुठे पाठवायची हे न्यायाधीश ठरवतील आणि भरपाईत गावाची तिजोरी रिकामी होईल. हे मला पटते. पण हे कारण गाड्या कमी आहेत तेव्हाचे आहे. पोलीस दारात उभा आहे तेव्हा ते लागू होत नाही.

या नियमाला अपवाद आहेत आणि माझ्या मते सगळे त्यांच्यातच आहे. पहिला अपवाद ताब्याचा. कैदी किंवा मनोरुग्णालयात सक्तीने ठेवलेला माणूस स्वतःचे रक्षण करू शकत नाही, कारण सरकारनेच त्याला बंद केलेले असते, म्हणून त्याच्या रक्षणाची जबाबदारी सरकारवर येते. दुसरा अपवाद, सरकारने स्वतःच्या कृतीने धोका निर्माण केला किंवा वाढवला तर. कोलंबाइनच्या बहुतेक कुटुंबांचे दावे संघीय, म्हणजे केंद्रीय न्यायालयाचे, न्यायाधीश लुईस बॅबकॉक यांनी २००१ मध्ये फेटाळले, पण सँडर्स यांच्या मुलीचा दावा त्यांनी पुढे चालू दिला. त्या शिक्षकापर्यंत मदत पोहोचू शकत असताना अधिकाऱ्यांनी ती तासन् तास अडवली, हा त्या दाव्याचा गाभा होता. पुढच्या वर्षी १५ लाख डॉलरवर तो मिटला.

शाळेतली मुले सरकारच्या ताब्यात असतात का? फ्लोरिडातल्या पार्कलंड इथल्या शाळेत १४ फेब्रुवारी २०१८ रोजी १७ जण मारले गेले आणि शाळेवर नेमलेला सशस्त्र अधिकारी इमारतीबाहेरच थांबला. त्यानंतर वाचलेल्या विद्यार्थ्यांनी हाच मुद्दा मांडला. संघीय न्यायाधीशांनी डिसेंबर २०१८ मध्ये दावा फेटाळला. डिसेंबर २०२० मध्ये अपील न्यायालयानेही सांगितले की शाळेत जाणे सक्तीचे असले तरी तो तुरुंगासारखा ताबा नव्हे. गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की डिसेंबर २०१८ मध्येच फ्लोरिडाच्या राज्य न्यायालयातल्या न्यायाधीशांनी निष्काळजीपणाच्या दाव्यात उलट म्हटले होते: शाळेवर नेमलेल्या अधिकाऱ्यावर मुलांची काळजी घेण्याचे कर्तव्य होते. एकच घटना, एकच अधिकारी आणि दोन न्यायालयांची दोन उत्तरे.

संघीय न्यायालयाचा निष्कर्ष मला मान्य करता येत नाही. अमेरिकेतल्या शाळांत मुलांना लहानपणापासून सराव दिला जातो: दिवे बंद करा, कोपऱ्यात बसा, आवाज करू नका, पोलीस येईपर्यंत हलू नका. मूल हे ऐकते. मोठ्यांवर विश्वास ठेवून ते पळून जाण्याची संधी सोडते. बाहेर पोलीस वेढा घालतात आणि आईबापांना अडवतात. उवाल्डेत आत जाऊ पाहणाऱ्या पालकांना पोलिसांनी बळाने रोखले, आपल्याला बेड्या घातल्या असे एका आईने सांगितले. व्हरांड्यातल्या एका पोलिसाला आत असलेल्या शिक्षिका-पत्नीने फोनवर गोळी लागल्याचे सांगितले होते, त्याची बंदूक सहकाऱ्यांनी काढून घेतली आणि त्याला बाहेर नेले. ज्याने मुलांना आत थांबायला सांगितले आणि दुसऱ्या कोणालाही मदतीला जाऊ दिले नाही, त्याने ती मदत स्वतः करण्याची जबाबदारी त्याच क्षणी उचललेली असते. त्यापूर्वी ती त्याच्यावर नव्हती असे क्षणभर मानले तरीही.

तुरुंगात पाठवता येईल का?

दिवाणी दावे असे अडतात म्हणून सरकारी वकील फौजदारी कायद्याकडे वळले. पार्कलंडच्या शाळेवर नेमलेला सशस्त्र अधिकारी स्कॉट पीटरसन गोळीबार चालू असताना इमारतीबाहेर आडोशाला थांबला आणि पाऊण तासाहून अधिक वेळ तिथेच राहिला. तो पोहोचल्यानंतर तिसऱ्या मजल्यावर सहा जण मारले गेले. २०१९ मध्ये त्याला अटक झाली. मुलांची हेळसांड केल्याचा मुख्य आरोप ठेवला गेला. पण फ्लोरिडाचे ते कलम पालकांसाठी, घरातल्या मोठ्यांसाठी आणि मुलाच्या सांभाळाची जबाबदारी असलेल्यांसाठी लिहिलेले आहे. मुलाला उपाशी ठेवणारा बाप डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला कायदा जिन्याशी थांबलेल्या पोलिसाला लावायचा होता. बचाव पक्षाचे म्हणणे होते की प्रतिध्वनीमुळे गोळ्या कुठून येतात हे त्याला कळले नाही आणि तो मुलांचा सांभाळ करणारा नव्हेच. जून २०२३ मध्ये ज्युरीने त्याला सगळ्या आरोपांतून मुक्त केले.

उवाल्डे प्रकरणी जून २०२४ मध्ये दोघांवर आरोप ठेवले गेले: अरेडोंडो आणि सर्वांत आधी पोहोचलेल्यांपैकी एक शाळा-पोलीस एड्रियन गोन्झालेस. गोन्झालेसवर २९ आरोप होते, १९ मृत मुलांसाठी आणि १० वाचलेल्या मुलांसाठी. जानेवारी २०२६ मध्ये ज्युरीने त्यालाही निर्दोष ठरवले. ३७६ जणांमधून एकालाच का निवडले, हा बचावाचा प्रश्न बिनतोड होता. फौजदारी कायद्याला एक माणूस, एक कृत्य आणि एक हेतू लागतो. इथे अपयश होते शेकडोंचे, आणि ते काहीतरी न करण्याचे. शिवाय जो आधी पोहोचला त्याच्यावर खटला आणि जो सावकाश आला तो मोकळा, असा संदेश गेला तर पुढच्या वेळी गाडी हळू चालवण्यात शहाणपण ठरेल.

सैन्यात असे नाही. अमेरिकी लष्करी कायद्यात शत्रूसमोर भेकडपणा दाखवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. आपल्याकडे १८६१ च्या पोलीस कायद्यात भेकडपणाचा दोष लिहिलेला आहे आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १४५ मध्येही भेकडपणा करणाऱ्या पोलिसाला शिक्षेची तरतूद आहे. शिक्षा छोटी आहे, तीन महिन्यांपर्यंतची कैद किंवा किरकोळ दंड. पण निदान प्रश्न सरळ विचारलेला आहे, मुलांच्या हेळसांडीच्या कलमाआडून नव्हे. युरोपात तर मानवी हक्क न्यायालयाने १९९८ च्या उस्मान खटल्यात सांगितले की एखाद्या व्यक्तीच्या जिवाला खरा आणि तातडीचा धोका आहे हे अधिकाऱ्यांना माहीत असेल, किंवा माहीत असायला हवे होते, तर तो टाळण्यासाठी हातात असलेले वाजवी उपाय करणे सरकारवर बंधनकारक आहे. ही कसोटी मला योग्य वाटते. अशक्य ते ती मागत नाही.

महाराष्ट्रात हा विषय निघाला की तुकाराम ओंबळे आठवतात, आणि आठवायलाच हवेत. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर, हातात फक्त लाठी असताना, त्यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. पण कायदा ओंबळ्यांच्या उंचीवर बेतता येत नाही. अशोक चक्र ज्यासाठी देतात ते प्रत्येक शिपायाचे किमान कर्तव्य म्हणून लिहिता येणार नाही. त्या रात्रीतून धोरणासाठी घ्यायचा धडा वेगळा आहे: एनएसजीचे कमांडो मुंबईत पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. पुढे महाराष्ट्राने फोर्स वन हे स्वतःचे कमांडो पथक उभारले. तरीही कोणत्याही हल्ल्यात पहिल्या दहा मिनिटांत तिथे असतो तो जवळच्या ठाण्याचा शिपाईच. आत जाण्याची तयारी, हत्यार आणि चिलखत त्याच्याकडे आहे का, यावर पहिले जीव अवलंबून असतात.

धोरण बदलले की काय होते

पार्कलंडच्या वेळी तिथल्या ब्राउअर्ड काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) शेरीफ खात्याच्या, म्हणजे पोलीस दलाच्या, नियमात लिहिले होते की हल्ला चालू असताना अधिकारी आत जाऊ शकतो. पोलिसांना आत्मघातकी मोहिमेवर पाठवायचे नाही, असे शेरीफ स्कॉट इस्रायल यांचे समर्थन होते. पुढे चौकशी आयोगाने या ढिलाईवर बोट ठेवले, इस्रायल यांना गव्हर्नरनी पदावरून दूर केले आणि नियम बदलून आत जाणे बंधनकारक झाले. असा नियम मोडल्यास कोणी तुरुंगात जाणार नाही, पण नोकरी जाईल. मुख्य म्हणजे संकटाच्या क्षणी जावे की न जावे हा विचार करायची गरज उरत नाही. तो निर्णय आधीच झालेला असतो.

तसे झाल्यावर काय घडते ते नॅशव्हिलमध्ये २७ मार्च २०२३ रोजी दिसले. कोव्हेनंट स्कूलमधून १० वाजून १३ मिनिटांनी पहिला फोन आला. १० वाजून २७ मिनिटांनी हल्लेखोराला मारल्याची नोंद आहे. पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यांचे चित्रण दुसऱ्याच दिवशी प्रसिद्ध झाले. त्यात किल्ली मिळताच आत शिरणारे, एकेक वर्ग पाहत आणि गोळ्यांचा आवाज आला की जिन्याने वर धावणारे पोलीस दिसतात. ते वेगवेगळ्या वेळी पोहोचलेले होते. कोणाला विचारायला कोणी थांबले नाही. तरीही नऊ-नऊ वर्षांची तीन मुले आणि तीन मोठी माणसे त्याआधीच मारली गेली होती. बंदूक शाळेच्या दारापर्यंत पोहोचली की उत्तमातला उत्तम पोलीसही उशिराच येतो.

टेक्सासच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याने उवाल्डेनंतर दोन महिन्यांच्या आत आपल्या अधिकाऱ्यांना नवी सूचना दिली: शाळेत गोळी झाडणारा माणूस निकामी होईपर्यंत ‘गोळीबार चालू असलेला हल्लेखोर’च समजायचा, दार लावून बसला तरीही. उवाल्डेतली नेमकी फट तिने बुजवली. अशी सूचना प्रत्येक काउंटीत, प्रत्येक शाळा-पोलीस दलात आपोआप येत नाही. अमेरिकेत पोलिसांची हजारो वेगवेगळी दले आहेत आणि प्रत्येकाचे नियम वेगळे.

म्हणून तिथे राहणाऱ्या पालकांनी हे स्वतः विचारायला हवे. शाळा मंडळाच्या सभा खुल्या असतात आणि तिथे बोलायला सामान्य माणसाला वेळ मिळतो. आमच्या शाळेवर नेमलेल्या अधिकाऱ्यासाठी लेखी नियम काय आहे, त्यात आत जाणे बंधनकारक आहे की त्याच्या मर्जीवर, दार लावून बसलेल्या हल्लेखोराबद्दल त्यात काय लिहिले आहे, हे आधी विचारा. मग शाळेच्या इमारतीत वायरलेस चालतो का ते विचारा, कारण उवाल्डेत तो आत नीट चालत नव्हता. वर्गांची कुलपे लागतात का, सगळ्या दारांची किल्ली कोणाकडे असते आणि गावाचे, काउंटीचे, राज्याचे पोलीस एकत्र आले तर हुकूम कोणाचा चालणार, हेही विचारा. आणि त्या सगळ्या दलांनी मिळून तुमच्या मुलाच्या शाळेत, त्याच व्हरांड्यात, शेवटचा सराव कधी केला त्याची तारीख मागा.